चिनूचं ताट

"आमच्याकडं काल चिनूनं चटणीबरोबर दोन धपाटी हाणली आणि शाळेला गेली," नंदाकाकू म्हणाल्या. "तुमच्याकडं काय झालं?"

निशिगंध अपार्टमेंटच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी चारला 'दिघ्यांचं घर' ही मालिका बघणाऱ्या आम्ही सात-आठ जणी जमतो. माझी आई आणि मावशी फोनवर मालिकेबद्दल बोलायच्या तेव्हा 'काल पाहिलंस का?' असं विचारायच्या. आता तसं विचारून उपयोग नसतो. पाहिलेलं सगळ्यांनीच असतं, पण प्रत्येकीनं वेगळं पाहिलेलं असतं.

"थांबा, एकेक घर सांगा," तिसऱ्या मजल्यावरची प्रज्ञा टॅबलेट उघडत म्हणाली. ती बँकेत होती, आता घरून काम करते, आणि आमच्या मंडळाचा तक्ता ठेवते. डावीकडे घरं, वर तारखा. "मोहिनीनं वैजूचे दागिने परत केले का?"

"आमच्याकडे केले, पण खोटे," एक जण म्हणाली.

"आमच्याकडं केलेच नाहीत. उलट वैजूच्या कानातलंपण काढून घेतलं," नंदाकाकू म्हणाल्या. "आणि साडी काय नेसली होती गं. मोरपंखी. असल्या बाईला असला रंग शोभतो तरी कसा, मला कळत नाही."

"काकू, तुम्ही मोहिनीच्या बाजूच्या आहात."

"मी कुणाच्या बाजूची नाही. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मला नुसतं भांडण चांगलं झालं पाहिजे."

सगळ्या हसल्या. मग प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. "केतकी, तुझ्याकडे?"

"आज अकरावा दिवस," मी म्हटलं. "वैजू ताट पुढे ठेवते आणि चिनू ते बाजूला सारते. फक्त दूध पिते."

"मग वैजू काय करते?"

"बसते. तिच्या तोंडाकडे बघत."

"तुझ्यासारखीच की," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा झाला आणि मीही हसले. प्रज्ञानं माझ्या ओळीत 'उपाशी' लिहिलं.

एकच मालिका घरोघरी वेगळी करणारं यंत्र कसं चालतं ते इथेच सांगून टाकते. मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी केलं आहे आणि रेवू होईपर्यंत मिरज रस्त्यावरच्या एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेत होते. त्यामुळे मला ते विरजणासारखं वाटतं. विरजण एकाच ठिकाणाहून आणलं तरी दही घरोघरी वेगळं लागतं, कारण दूध वेगळं, भांडं वेगळं, स्वयंपाकघरातली ऊब वेगळी. मालिकेचंही तसंच. कोणता प्रसंग कधी, एवढा रोजचा सांगाडा मालिकेच्या कंपनीत ठरतो आणि सगळ्यांकडे तोच येतो. बाकीचं आपल्या घरात तयार होतं. टीव्हीखाली काडेपेटीएवढी डबी असते. तिच्यात नटनट्यांचे भाड्यानं घेतलेले चेहरे आणि आवाज असतात, आणि ती बघता बघता पुढचं दृश्य रंगवते.

काय रंगवायचं हे ती आपल्या डोळ्यांवरून ठरवते. बाहुली किती मोठी झाली, पापणी किती वेळ लवली नाही, श्वास कुठे अडकला, या सगळ्याचा ती शून्य ते शंभर असा आकडा काढते. त्याला ओढ म्हणतात. भाग संपला की कोपऱ्यात 'आजची ओढ' दिसते. एखाद्या गोष्टीवर ओढ वाढली की डबी उद्या ती गोष्ट थोडी जास्त देते, परवा आणखी थोडी. आपण तोंडानं काय म्हणतो याच्याशी तिला काही घेणं नाही. आनंदानं रोखलेला श्वास आणि भीतीनं रोखलेला श्वास तिला सारखाच.

मुलांची नजर मोजायला कायद्यानं बंदी आहे. बारा वर्षांच्या आतला चेहरा समोर आला की डबी तो वगळते, आणि खोलीत एकही मोठं माणूस नसेल तर मालिका सुरूच होत नाही. लहान मुलांना चित्रीकरणात राबवायलाही बंदी आहे. त्यामुळे वैजूची ही मुलगी, चिनू, खरी कुठेच नाही. ती पूर्णपणे डबीनं काढलेली आहे, आणि ज्या घरी जशी जास्त बघितली जाईल तशी ती दिसते. आमच्या घरच्या चिनूला दोन आखूड वेण्या आहेत आणि डाव्या भुवईजवळ एक तीळ आहे.

माझ्या रेवूलाही आहे.

रेवू साडेचार वर्षांची. ती आठव्या महिन्यातच आली, पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत बावीस दिवस होती, आणि बाहेरच्या बाकावर बसून मी नळीतून किती मिलिलिटर गेलं ते वहीत लिहीत होते. तेव्हापासून मी तिच्या तोंडाकडेच बघत आले आहे. घास गेला का, गिळला का, गालात तर ठेवला नाही ना. नवरा, सुदर्शन, ढालगावच्या पवनचक्क्यांवर तंत्रज्ञ आहे. आठवड्यातले चार दिवस तिकडेच असतो. तो घरी असला की म्हणतो, "अगं, पोर जेवतीये, परीक्षा देत नाहीये." मला ते पटतं. पण नजर वळत नाही.

संध्याकाळी साडेसातला 'दिघ्यांचं घर' लागायचं तेव्हाच रेवूचंही जेवण असायचं. सासूबाईंना मालिका आवडते, मलाही आवडायची. सुरुवातीला चिनू नुसती मागे खेळत असायची. एकदा वैजू तिला वरणभात भरवत होती, आणि मी हातातला घास तसाच धरून बघत राहिले, कारण चिनूनं तोंड फिरवलं. त्या दिवसाची ओढ ऐंशीच्या वर होती. दुसऱ्या दिवशी चिनूनं दोनदा तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी रेवूनं.

"चिनू नाही जेवत," ती म्हणाली. "मी पण नाही."

पहिल्यांदा आम्हाला गंमत वाटली. अकराव्या दिवशी डॉक्टरांच्या काट्यावर बारा किलो शंभर ग्रॅम भरले. महिनाभरापूर्वी बारा किलो नऊशे होते. डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "बाराच्या खाली गेली तर ॲडमिट करून नळीनं भरवावं लागेल. घाबरू नका, पण पंधरा दिवस मी थांबेन, त्यापुढे नाही."

नळी मला माहीत होती.

टीव्ही बंद करायचा विचार कुणालाही सुचेल. आम्हीही केला. पाच दिवस पडदा काळा ठेवला आणि रेवूला सांगितलं, बिघडलाय. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "चिनू जेवली असेल का?" मी म्हटलं, "हो, पोटभर." तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझी मुलगी माझ्यावरच गेली आहे, ती तोंडाकडे बघून ओळखते.

"तू बघितलंस?"

"नाही, पण जेवलीच असणार."

"मग ती उपाशीच आहे," रेवू म्हणाली आणि दुधाचा पेला तेवढा ओढून घेतला. शेवटचं दिसलं तेव्हा चिनू उपाशी होती. पडदा काळा केल्यामुळे ती आता कायमची उपाशी राहिली होती. पाचव्या दिवशी रेवू दूधही अर्धं टाकायला लागली. मी टीव्ही पुन्हा लावला.

कंपनीला फोन केला. पलीकडे सिद्धी नावाची मुलगी होती, आवाजावरून पंचविशीतली.

"मॅडम, आम्ही कथेत हात घालत नाही. घालताच येत नाही. ती तुमच्या घरात तयार होते."

"एक दिवस त्या मुलीला जेवू घाला. एकच दिवस."

"तुमची ओढ त्र्याण्णव आहे, मॅडम. एवढी फार थोड्या घरांची असते. म्हणजे तुम्हाला आवडतंय."

"मला अजिबात आवडत नाहीये."

"डबीला त्यातला फरक कळत नाही." मग तिनं पर्याय सांगितला. "सगळी कथा पुसता येईल. पण मग वैजूच्या लग्नापासून सुरू होईल. चिनू जन्माला यायला वर्ष लागेल."

एक वर्ष चिनू नाही. रेवूला मी काय सांगणार होते, ती कुठे गेली म्हणून?

"नको," मी म्हटलं.

"मी पण नाही पुसली," सिद्धी हळूच म्हणाली. "आमच्याकडे चिनू हरवलीये. चार महिने झाले. मी रोज बघते, सापडते का." मग तिचा आवाज पुन्हा सरळ झाला आणि तिनं सेवेबद्दल पाचपैकी किती गुण द्याल असं विचारलं.

मी न बघायचा प्रयत्नही केला. मालिका चालू असताना भिंतीकडे तोंड करून बसले. पण मागून वाटी सरकल्याचा आवाज आला की माझा श्वास थांबायचा, आणि तो डबीला ऐकू जायचा. स्वयंपाकघरात जाऊन बसले, तर सासूबाई माझ्या वाटणीचं बघायला लागल्या. त्याही आजीच आहेत. त्या काय खिडकीबाहेर बघणार?

हे सगळं मी पुढच्या मंगळवारी हॉलमध्ये सांगितलं. कुणी हसलं नाही. नंदाकाकू म्हणाल्या, "एवढं झालं आणि आज सांगतीस?"

सासूबाई त्या दिवशी मुद्दाम माझ्याबरोबर खाली आल्या होत्या. त्यांचं निदान तयार होतं. "दृष्ट लागलीय. आणि दुसऱ्या कुणाची नाही, हिचीच. आईची आधी लागते. वाईट वाटून घेऊ नकोस केतकी, माझीपण सुदर्शनला लागायची. मी रोज काढायची."

"मग रेवूची काढली का?" कुणीतरी विचारलं.

"रेवूची चार वेळा काढली. पण रेवूला कुठं झालंय? मूळ त्या चिनूत आहे. तिची काढायला पाहिजे."

मी विज्ञान शिकलेली बाई. हे ऐकून मी उठून जायला हवं होतं. पण डॉक्टरांच्या पंधरातले आठ दिवस संपले होते आणि काटा बारा किलो पन्नास ग्रॅमवर आला होता. प्रज्ञा म्हणाली, "दृष्टीचं जाऊ दे. पण सगळ्या मिळून एका घरात बसलो आणि सगळ्यांनी मनापासून इच्छा केली की तिनं जेवावं, तर डबीला कळेल की नाही? एकटीच्या ओढीपेक्षा सात जणींची जास्तच होईल." ते ऐकायला शास्त्रीय वाटलं. मला कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला आमच्या दिवाणखान्यात सात बायका दाटीवाटीनं बसल्या. टीव्हीची दृष्ट कशी काढायची यावर आधी वाद झाला.

"पडद्यावरनं ओवाळायची, की डबीवरनं?"

"चिनू दिसेल तेव्हा चिनूवरनं. उगीच जाहिरातीवरनं काढून काय उपयोग?"

"आणि ती मोहिनी मध्ये आली म्हणजे? तिची कशाला काढायची?"

सासूबाई मूठभर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन पडद्याशी उभ्या राहिल्या. चिनू आली. वैजूनं ताट ठेवलं. गरम भात, वर तुपाची धार, बाजूला मेतकूट. इतका चांगला भात डबीनं आजवर कधी काढला नव्हता. सासूबाई पुटपुटत पडद्यावरून मूठ ओवाळू लागल्या, आल्यागेल्याची, पाप्याची, पाहुण्याची. आम्ही सगळ्या पुढे झुकलो. चिनूनं घास कालवला. उचलला. ओठांपर्यंत नेला. रेवू माझ्या मांडीवर ताठ बसली होती.

चिनूनं घास खाली ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. खरंच, सरळ आमच्याकडे.

मिरच्या तव्यावर जळल्या. सगळ्यांना ठसका लागला, तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला, कारण ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच. कोपऱ्यात आकडा आला. आजची ओढ, नव्याण्णव.

पुढच्या मंगळवारी प्रज्ञानं तक्ता वाचला नाही, नुसता माझ्यासमोर धरला. माझ्याशिवाय आणखी पाच घरांपुढे 'उपाशी' होतं. त्या पाच जणी माझ्या दिवाणखान्यात चिनूच्या ताटाकडे बघायला शिकल्या होत्या, आणि घरी जाऊन त्यांच्या डोळ्यांनी तेच केलं होतं.

"आमच्याकडे चांगलं लग्नघर चाललं होतं," त्यांतली एक म्हणाली. "आता रोज ती पोरगी आणि तिचं ताट. माझ्या सुनेला सातवा महिना आहे, केतकी. ती रडत उठते."

प्रज्ञा म्हणाली, "तिला कशाला बोलताय? मीच म्हटलं होतं सगळ्या बसूया." पण तिनंही माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हा मला तक्त्यातली शेवटची ओळ दिसली. नंदाकाकू. 'जेवली. गवार नको म्हणाली, बटाट्याची भाजी घेतली.'

"काकू," मी विचारलं, "त्या दिवशी दृष्ट काढताना तुम्ही कुठे बघत होता?"

"मी? तुझ्या सासूच्या हाताकडं. चारच मिरच्या घेतल्या होत्या बघ. पाच तरी घ्यायला पाहिजेत."

नंदाकाकू माझ्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. नवरा वारला, मुलगा बेंगळुरूला. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले.

"रेवूला रोज साडेसातला तुमच्याकडे पाठवू का? मालिका बघायला. आणि जेवायला."

"माझ्याकडं? मला पोरं जमत नाहीत गं. अर्ध्या तिकिटावाल्यांनी बत्तीस वर्षं माझा जीव खाल्लाय. कुणी ओकतंय, कुणी खिडकीतनं डोकं काढतंय."

"तेच हवंय."

"काय?"

"तुम्हाला ती आवडत नाही, ते. ताट ठेवा आणि तिच्याकडे बघू नका. चिनूकडेही बघू नका. तुम्ही जसं बघता तसंच बघा, मोहिनीचं भांडण."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिकलेल्या बायका पण काय काय सांगतात," त्या म्हणाल्या. "पाठव."

पहिल्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून चाळीस मिनिटं एकच कढई घासली. समोरच्या घरातून मोहिनीचा चढलेला आवाज येत होता आणि त्यावर काकूंचं "लाव, लाव अजून एक" चाललं होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी रेवू आली. तोंडाभोवती शेंगदाण्याची चटणी लागली होती.

"चिनूनं अख्खं धपाटं खाल्लं," ती म्हणाली. "मग मी पण. काकू बघतच नव्हत्या."

मला विचारायचं होतं, केवढं धपाटं, किती घास, पाणी किती प्यालीस. मी कढई घासत राहिले. सासूबाईंनी न्हाणीघरात जाऊन डोळे पुसले. सकाळी रेवूनं पोळी मागितली. मी ती ताटलीत ठेवली आणि पाठ करून उभी राहिले. पाठीमागे ती चावत होती, ते मला मानेवर जाणवत होतं.

आमचा टीव्ही आम्ही बंदच ठेवला. एकोणीस दिवस असं चाललं. बारा किलो दोनशे, बारा चारशे, बारा सातशे. डॉक्टर बाई म्हणाल्या, "काय केलंत?" मी म्हटलं, "शेजारी पाठवते." त्या हसल्या, "उत्तम. मुलं शेजारी नेहमीच जेवतात."

मला आनंद झाला होता, यात खोटं काही नाही. पण रोज साडेसातला दार लागलं की मी ओट्याशी उभी असायचे. माझी मुलगी बारा पावलांवर जेवत होती आणि ती जेवताना कशी दिसते हे मी विसरत चालले होते. खालचा ओठ आधी पुढे काढायची, की घास आत गेल्यावर? एकदा मी सुदर्शनला म्हटलं, तू जाऊन दारातून बघून ये आणि मला सांग. तो म्हणाला, "आणि मी बघताना मला काय होईल? मीपण बापच आहे ना तिचा."

विसाव्या दिवशी सकाळी नंदाकाकू आल्या. हातात स्टीलचा डबा होता. तो ओट्यावर ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

"चहा टाकू?"

"नको." त्यांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "काल आमच्याकडं चिनूनं ताट सारलं गं."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

"रेवू काही बोलली नाही," मी म्हटलं. ती काल आली ती सरळ आजीच्या कुशीत शिरली होती. मला वाटलं, दमली असेल.

"थोडं खाल्लं तिनं. माझ्याकडं बघितलं, मग खाल्लं. माझ्यासाठी. आज नाही खाणार." काकूंनी मान वर केली. "मी बघत नव्हते गं. शपथ. पहिले आठ-दहा दिवस मला ती आहे का नाही तेपण कळत नव्हतं. मग एक दिवस तिनं चटणी मागितली. माझ्या पोरानं कधी माझ्या हातची चटणी मागितली नाही. मी दुसऱ्या दिवशी जास्त केली. मग खुर्ची जरा इकडं वळवली, म्हटलं सांडलवंड करील. मग..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ती घास घ्यायच्या आधी खालचा ओठ पुढं काढते, माहीत आहे तुला?"

"हो," मी म्हटलं. "आठवलं."

"परवा मोहिनी वैजूला घराबाहेर काढत होती. केवढं भांडण. आणि मला शेवटी आठवेना काय झालं ते. मी सगळा वेळ पोरीकडं बघत होते. आकडा बघितला तर अठ्ठ्याऐंशी. माझा कधी साठाच्या वर गेला नव्हता. डबीला वाटलं, चिनूच्याच ताटावर माझा जीव अडकलाय." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "लाडू आहेत. घरी खाईल तेव्हा खाईल."

मी त्यांना काय म्हणणार होते? तुम्ही माझ्या मुलीला जीव लावायला नको होता?

त्या दिवशी रेवू पुन्हा दुधावर आली. चार दिवसांत दोनशे ग्रॅम उतरले. सुदर्शननं ढालगावहून फोन केला. "माझ्या बहिणीकडं पाठवूया का विट्याला?"

"तुझी बहीण तिच्यावर जीव टाकते."

"मग तुझ्या आईकडे..." त्याचं त्यालाच कळलं. आम्ही दोघंही फोनवर ओळखीची माणसं एकेक करून आठवत होतो आणि एकेक करून बाजूला काढत होतो. भाऊ नको. मावशी नको. बालवाडीच्या बाई तर मुळीच नको, त्या तिला सोनपरी म्हणतात. साडेचार वर्षांत मी जपून जपून तिच्याभोवती जेवढी प्रेमाची माणसं गोळा केली होती, तेवढी घरं आता तिला बंद होती. मला असं घर हवं होतं जिथे ती कुणाचीच नसेल. आणि ते मिळालं तरी किती दिवस पुरणार? काकूंकडे एकोणीस दिवस पुरलं होतं.

मी प्रज्ञाला फोन केला. "तुझ्या तक्त्यात नसलेली घरं सांग. या इमारतीत सगळ्यात कमी ओढ कुणाकडे असेल?"

तिनं दुपारभर विचारपूस केली असावी. पाचला तिचा उलटा फोन आला. "चौथ्या मजल्यावरचे अंकलगी सर. एकट्याचंच घर. मालिका रोज चालू असते, पण ते बघत नाहीत. बायकोला सवय होती म्हणून लावतात आणि शब्दकोडं सोडवत बसतात. ओढ एकवीस." मग ती म्हणाली, "पण केतकी, फार तिरसट आहेत. गणपतीची वर्गणी मागायला गेलेल्या मुलांना त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं."

"चालेल," मी म्हटलं.

सव्वासातला मी रेवूचा हात धरून चौथा मजला चढले. लिफ्ट चालू होती, पण मला वेळ हवा होता. रेवूचा हात हलका लागत होता. तिसऱ्या मजल्यावर ती दम लागून थांबली. मी तिला कडेवर घेतलं आणि चालत राहिले. मनात वाक्यं जुळवत होते. आम्हाला तुमचा त्रास नको, ती बोलत नाही, ताट मी आणते, तुम्ही तिच्याकडे बघूही नका. बघू नका हे दोनदा सांगायचं ठरवलं होतं.

घंटा वाजवली. बऱ्याच वेळानं दार अर्धं उघडलं. पांढरी दाढी वाढलेली, हातात पेन्सिल, कपाळावर आठ्या. आतून दिघ्यांच्या घराचं सुरुवातीचं संगीत येत होतं.

"काय आहे?"

त्या आवाजात इतका कंटाळा होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. मी रेवूला खाली उतरवलं आणि बोलायला लागले. शेजारी, दुसरा मजला, चाळीस मिनिटं, रोज, काही करायचं नाही.

"मला मुलांची सवय नाही," ते म्हणाले. "आणि मी काम करत असतो."

"ते फार चांगलं आहे, सर."

त्यांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि दार लोटायला हात घातला. रेवू त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमची पेन्सिल मी टोक करून देऊ? मला येतं."

आवाज अगदी बारीक निघाला, दुधावरच्या मुलीचा निघतो तसा. त्यांना ऐकू आलं नसावं. मी मनातल्या मनात म्हणत होते, ऐकू येऊ नये. हाकलून देऊ नका, पण ऐकूही नका.

अंकलगी सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून नाकावर बसवला, दार सोडलं, आणि ती नीट दिसावी म्हणून हळूहळू खाली वाकले.